आधी तिसऱ्या रांगेत बसा

सिंगापूरमधल्या मराठी घरात गाडीचा विषय बहुधा पुण्या-नाशकाहून आई-बाबा यायचे ठरले की निघतो. एरवी या शहरात गाडीवाचून फारसं अडत नाही. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, दर काही मिनिटांनी येते, बस इमारतीच्या दाराशी थांबते, टॅक्सी फोनवर मिळते. पण घरात दोन लहान मुलं, त्यात गुडघे दुखणारे आजी-आजोबा, रविवारी सेरंगून रोडला वाणसामान आणायचं आणि तेवढ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस, असं सगळं एकत्र आलं की पाच सीटची गाडीही कमी पडते. त्यात कायद्याचाही भाग आहे. सिंगापूरमध्ये १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला खासगी गाडीत चाइल्ड सीट किंवा बूस्टर लावावाच लागतो. मागच्या सीटवर अशा दोन खुर्च्या बसवल्या की मधल्या चिंचोळ्या जागेत आजोबांना बसवणं शक्य होत नाही. मग सात सीटच्या गाडीचा शोध सुरू होतो, आणि पहिल्या तासाभरातच कळतं की नवी गाडी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

इथे गाडी घेण्याआधी ती रस्त्यावर ठेवण्याचा हक्क विकत घ्यावा लागतो. मे १९९० पासून ही पद्धत चालू आहे. ‘सर्टिफिकेट ऑफ एनटायटलमेंट’, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘सीओई’, दहा वर्षांसाठी मिळतं आणि त्याचा लिलाव महिन्यातून दोनदा होतो. १६०० सीसी आणि १३० बीएचपीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या ‘ए’ गटात येतात, त्याहून मोठ्या ‘बी’ गटात. फेब्रुवारी २०१८ पासून सरकारने खासगी गाड्यांच्या संख्येची वाढ शून्य टक्क्यावर आणून ठेवली आहे. म्हणजे साधारणपणे एक जुनी गाडी रस्त्यावरून उतरली तरच नवीला जागा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ए’ गटाचं सीओई १,०६,००० सिंगापूर डॉलरवर गेलं आणि ‘बी’ गटाचं १,५०,००१ डॉलरवर. छोट्या गाडीच्या हक्काचे हे त्या वेळच्या दराने ६० लाख रुपयांहून जास्त होतात, आणि त्यात गाडीचा एक नटबोल्टही येत नाही. गाडीच्या मूळ आयात किमतीवर ‘एआरएफ’ नावाचं नोंदणी शुल्क वेगळं. २०२३ च्या दरांनुसार पहिल्या २०,००० डॉलरवर १०० टक्के, पुढच्या २०,००० वर १४० टक्के, आणि तिथून चढत चढत ३२० टक्के.

त्यामुळे सामान्य नोकरदार कुटुंब सेकंडहँड गाडीकडे वळतं. आणि तिथे किमतीचा अर्थच बदलतो.

भारतात जुनी इनोव्हा घेताना माणूस विचारतो, किती किलोमीटर झाली, किती हातांतून गेली, टायर कसे आहेत. सिंगापूरमध्ये पहिला प्रश्न असतो, सीओई किती उरलं? विक्रेत्याच्या जाहिरातीत किमतीच्या शेजारीच ‘डेप्रिसिएशन’चा आकडा छापलेला असतो: वर्षाला ही गाडी किती डॉलर खाणार. त्याचा हिशेब सोपा आहे. गाडीची किंमत घ्यायची, दहाव्या वर्षी ती सोडून दिल्यावर सरकारकडून परत मिळणारी ‘पार्फ’ नावाची रक्कम वजा करायची आणि उरलेल्या वर्षांनी भागायचं. समजा एका गाडीची किंमत ५८,००० डॉलर आहे, सीओई चार वर्षं उरलंय आणि शेवटी १०,००० परत मिळणार आहेत. म्हणजे वर्षाला १२,००० डॉलर. दुसरी गाडी ८८,००० ची, सात वर्षं उरलेली, शेवटी ११,००० परत मिळणारी. तिचा वर्षाचा खर्च ११,००० पडतो. ३०,००० डॉलरनी महाग दिसणारी गाडी प्रत्यक्षात दर वर्षी १,००० डॉलरनी स्वस्त आहे. हे एकदा लक्षात आलं की माणूस नुसत्या किमतीकडे बघायचं सोडतो.

पार्फची रक्कम एआरएफवर ठरते. जुन्या नियमांप्रमाणे पहिल्या पाच वर्षांत गाडी नोंदणीतून काढली तर एआरएफच्या ७५ टक्के आणि दहाव्या वर्षी ५० टक्के परत मिळतात. हे नियम सरकार बदलत असतं; फेब्रुवारी २०२३ मध्ये या परताव्यावर ६०,००० डॉलरची कमाल मर्यादा आली. गाडीची नोंदणी ज्या नियमांखाली झाली तेच तिला लागू राहतात. म्हणून जुनी गाडी घेताना नोंदणीची तारीख आणि एआरएफचा आकडा भूपरिवहन प्राधिकरणाच्या, म्हणजे एलटीएच्या ‘वनमोटरिंग’ या सेवेतल्या नोंदीत स्वतः पाहावा. विक्रेत्याने सांगितलेला आकडा हा अंदाज असतो.

दहा वर्षं झाल्यावर मालकापुढे दोन वाटा असतात. एक, गाडी सोडून द्यायची. दुसरी, गेल्या तीन महिन्यांच्या सीओई दरांची सरासरी भरून आणखी दहा वर्षं चालवायची, किंवा निम्मी रक्कम भरून पाच. पाच वर्षांचं नूतनीकरण एकदाच होतं, त्यानंतर गाडी उतरवावीच लागते. नूतनीकरण केलं की पार्फ बुडतो. रस्ता कर अकराव्या वर्षी १० टक्क्यांनी वाढतो आणि दर वर्षी चढत ५० टक्के जादापर्यंत पोहोचतो. तिसऱ्या वर्षानंतर दर दोन वर्षांनी होणारी सक्तीची तपासणी दहा वर्षांनंतर दर वर्षी करावी लागते. अशा नूतनीकरण केलेल्या गाडीला इथे ‘सीओई कार’ म्हणतात आणि सात सीटच्या बाजारात त्या बऱ्याच दिसतात. टोयोटाची विश त्यातली सगळ्यांत ओळखीची. २००३ मध्ये जपानमध्ये आली, २००९ मध्ये तिची दुसरी पिढी आली, २०१७ मध्ये उत्पादन थांबलं. बुटकी, कमी इंधन पिणारी, सुटे भाग कुठेही मिळणारी, आणि गरज पडली तर तिसऱ्या रांगेत मुलं बसवता येणारी. पण तिचं इंजिन १८०० सीसीचं असल्याने तिच्या नूतनीकरणाला ‘बी’ गटाचा, म्हणजे मोठ्या गाड्यांचा दर लागतो. टोयोटाचीच १५०० सीसीची सिएंटा ‘ए’ गटात बसते. घरगुती वापरात दोघींत जेवढा फरक जाणवतो त्याहून हा फरक पुष्कळ मोठा आहे.

सिंगापूरमधली बहुतेक मराठी मंडळी बँकांत, सॉफ्टवेअरमध्ये, जहाज कंपन्यांत काम करतात. आकड्यांची त्यांना भीती नाही. एक्सेलमध्ये तक्ता बनतो, वीस गाड्यांचा वार्षिक खर्च निघतो, सगळ्यांत कमी आकड्याची गाडी निवडली जाते. हा हिशेब करायलाच हवा. पण घोळ तिथेच होतो, कारण त्या तक्त्यात कागदाचं आयुष्य मोजलेलं असतं, गाडीचं नाही. दोन गाड्यांचं सीओई एकाच दिवशी संपत असेल तर तक्त्याला त्या सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात एक सहा वर्षं छपराखाली उभी राहिलेली असते आणि दुसरी सहा वर्षं उन्हात. सिंगापूरचं हवामान जुन्या गाडीतलं नेमकं तेच पोखरतं जे कागदावर येत नाही.

इथलं ऊन आकड्यांत फार दिसत नाही. नागपूरने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश सोसले आहेत. सिंगापूरचा आजवरचा उच्चांक ३७.० अंश आहे: एकदा १७ एप्रिल १९८३ ला तेंगाहमध्ये, आणि चाळीस वर्षांनी १३ मे २०२३ ला आंग मो किओमध्ये. पण नागपूरला डिसेंबर असतो. गाडीचा एसी तीन महिने बंद राहतो, रबर थंडावतं, गाडी कोरडी होते. विषुववृत्ताच्या जेमतेम दीड अंश वर असलेल्या सिंगापुरात दुपारी ३१-३२ अंश बाराही महिने असतात. हवा दमट, आणि वर्षाला २,१०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही कोकणासारखा चार महिन्यांत पडून मोकळा न होता वर्षभर विखुरलेला. शिवाय तीन वर्षांहून जुनी गाडी सिंगापूरमध्ये आयात करायला सहसा परवानगी नाही. म्हणजे बाजारात दिसणाऱ्या आठ वर्षांच्या गाडीने तिची जवळपास सगळी वर्षं याच हवेत काढलेली असतात. लंडनच्या गाडीला बर्फावर टाकलेल्या मिठाने तळाशी गंज चढतो. सिंगापूरच्या गाडीचा पत्रा त्या मानाने चांगला निघतो. इथे जातं ते थंडावा देणारं यंत्र, रबर, प्लास्टिक, बॅटरी आणि आतल्या गाद्या.

यांतला एसी हा या खरेदीचा खरा गाभा आहे. पाच सीटच्या गाडीत एक कूलिंग कॉइल असते, डॅशबोर्डच्या मागे. मोठ्या सात सीटच्या गाडीत, उदाहरणार्थ टोयोटाच्या एस्टिमा किंवा अल्फार्डमध्ये, मागच्या प्रवाशांसाठी दुसरी कॉइल आणि दुसरा पंखा असतो. गॅसच्या नळ्या पुढून मागपर्यंत गाडीच्या पोटाखालून जातात. जितकी नळी लांब आणि जितके सांधे जास्त, तितक्या गॅस झिरपायच्या जागा जास्त. कॉम्प्रेसर मात्र एकच, आणि त्याला दोन्ही कॉइल सांभाळायच्या असतात. छोट्या सात-सीटर गाड्यांपैकी काहींत मागे कॉइल नसतेच. छतातला पंखा पुढची गार हवा मागे ढकलतो, इतकंच. जाहिरातीत दोन्हींना ‘रिअर एअरकॉन’ लिहिलेलं आढळतं. फरक कळायला मागे हात लावून पाहावा लागतो.

गाडी दाखवायला आणतात ती बहुधा आधी वीस मिनिटं सुरू ठेवून, गार करून. चालक आणि खरेदीदार पुढे बसतात, एक फेरी मारतात, एसी छान आहे म्हणतात. आजी बसणार असते तिसऱ्या रांगेत. म्हणून गाडी बघायला दुपारी एक ते तीनच्या दरम्यान जावं, ती उन्हात बंद करून ठेवायला सांगावी आणि स्वतः मागे जाऊन बसावं. इंजिन सुरू करून, गाडी जागेवरच ठेवून, पंखा पूर्ण वेगावर दहा मिनिटं चालू द्यावा. स्वयंपाकघरात वापरतात तसा काडीचा साधा थर्मामीटर मागच्या जाळीत धरला तर चांगल्या गाडीत तो १० अंशांच्या आसपास यायला हवा. चालत्या गाडीत गार आणि सिग्नलला थांबल्यावर कोमट अशी हवा येत असेल तर कंडेन्सर धुळीने भरलेला असतो, त्याचा पंखा मंद झालेला असतो किंवा कॉम्प्रेसर थकलेला असतो. पुढे गार आणि मागे कोमट असेल तर मागची कॉइल किंवा तिच्यापर्यंतची नळी संशयित. मागची कॉइल बदलायची म्हणजे आतलं प्लास्टिकचं अस्तर उचकटावं लागतं. काम शेकडो डॉलरचं आहे आणि ते किमतीतून आधीच वजा करून मागायला संकोच करू नये.

वासाकडेही लक्ष द्यावं. दारं बंद करून एसी लावल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात ओल्या फडक्यासारखा दर्प आला तर कॉइलवर बुरशी आहे. डाव्या पुढच्या प्रवाशाच्या पायाखालची चटई उचलून खालचा गालिचा हाताने दाबून पाहावा. एसीचं पाणी गाडीखाली ठिबकतं ते बरोबरच. ते आत ठिबकत असेल तर निचऱ्याची नळी तुंबलेली आहे आणि गालिच्याखाली महिनोन्‌महिने ओल साचलेली आहे. या हवेत ती आपोआप वाळत नाही. ज्या घरात दमेकरी मूल आहे त्यांनी अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी. सुगंधी बाटल्या तीन-तीन लटकवलेल्या गाडीबद्दल थोडं जास्त विचारावं.

उन्हात उभ्या गाडीच्या आत काय होतं याचं मोजमाप अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी छोट्या गाड्या, सेडान आणि मिनीव्हॅन तिथल्या टेम्पी शहराच्या उन्हात आणि सावलीत उभ्या केल्या. बाहेर ३८ अंशांच्या आसपास असताना तासाभराने उन्हातल्या गाड्यांच्या आत सरासरी ४७ अंश झाले, डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला, स्टीअरिंग ५३ वर, सीट ५१ वर. सावलीतल्या गाड्यांचा डॅशबोर्ड ४८ अंशांवरच राहिला. मिनीव्हॅनमध्ये हवा जास्त असल्याने ती छोट्या गाडीपेक्षा सावकाश तापली. पण जी हवा सावकाश तापते ती गार करायलाही जास्त वेळ लागतो, आणि तोवर मुलं त्या सीटवर बसलेली असतात. डॅशबोर्डचे २१ अंश हा फरक रोजचा, वर्षानुवर्षांचा धरला तर गाडी कुठे उभी असायची हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते दिसतं. सिंगापूरच्या एचडीबी, म्हणजे सरकारी घरांच्या वसाहतींत उघड्यावरच्या पार्किंगचा मासिक पास बहुतेक ठिकाणी ८० डॉलरला आणि छपराखालचा ११० डॉलरला मिळतो. तीस डॉलरच्या या फरकाने दहा वर्षांत गाडीचं रंगरूप वेगळं होतं. मालकाला हा प्रश्न सरळ विचारावा आणि मग उत्तर पडताळावं: पुढच्या दिव्यांचं प्लास्टिक पिवळं पडलंय का, छतावरच्या रंगाचा पारदर्शक थर सोलला गेलाय का, दाराच्या कडेचं रबर नखाने दाबल्यावर परत फुगतं की चिरतं. सरकत्या दारांच्या गाडीत हे रबर आणि दाराची मोटर दोन्ही महत्त्वाची. दार पाच-सहा वेळा बटणाने उघडावं-मिटवावं. मध्येच अडखळलं तर केबल किंवा मोटर बंद पडायच्या बेतात आहे.

बॅटरी थंडीत मरते असं युरोपात राहून आलेले लोक सांगतात. तिथे ती थंडीत उघडी पडते. तिचं आयुष्य उष्णता खाते. आतल्या रासायनिक क्रिया तापमानाबरोबर वेगाने होतात, पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या गंजतात. इथे साधी १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागणं नेहमीचंच आहे. ती किरकोळ बाब. हायब्रिड गाडीची मोठी बॅटरी मात्र किरकोळ नाही. टोयोटाच्या बऱ्याच हायब्रिड गाड्यांत ही बॅटरी केबिनमधली गार हवा ओढून थंड ठेवली जाते आणि त्या हवेची जाळी सीटच्या आसपास असते. मुलांच्या बिस्किटांचा चुरा आणि धुळीने ती तुंबली की बॅटरी तापत राहते. तेव्हा हायब्रिड सात-सीटर घेताना ती जाळी शोधून काढावी, आणि बॅटरीची तपासणी कंपनीच्या वर्कशॉपमधून झाल्याचा कागद मागावा.

या सगळ्यांत एक गोष्ट अशी आहे की तिथे पैशाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमध्ये पिशवी फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं जायचं. वर्षानुवर्षं दमट उष्णतेत राहिलं, दिवसा तापलं आणि रात्री निवलं की ते बिघडतं आणि अपघाताच्या क्षणी नको तितक्या जोरात पेटतं. मग धातूची डबी फुटून तिचे तुकडे चालकाच्या अंगात घुसतात. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर, म्हणजे पिशवी फुगवणाऱ्या या डब्या, परत मागवले गेले. तिथला तो इतिहासातला सगळ्यांत मोठा रिकॉल. दुरुस्तीचा क्रम लावताना तिथल्या सरकारने हवामान पाहिलं: फ्लोरिडा, हवाई, प्वेर्तो रिको असे उष्ण-दमट भाग आधी. सिंगापूरची हवा याच जातीची. शेजारच्या मलेशियात, सारावाकमध्ये, २०१४ साली होंडा सिटीतल्या अशाच एअरबॅगने एका गर्भवती स्त्रीचा जीव घेतला. ताकाता कंपनीने जून २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, पण तिचे इन्फ्लेटर टोयोटा, होंडा, निसान, माझदा यांच्या लक्षावधी गाड्यांत बसलेले होते. त्या काळातल्या गाड्या आज सिंगापूरच्या रस्त्यावर असतील तर त्या बहुतेक नूतनीकरण केलेल्या ‘सीओई कार’ असणार, म्हणजे ज्या कमी किमतीच्या सात-सीटरकडे कुटुंबाचं लक्ष जातं त्याच. रिकॉल झाला होता का आणि काम पूर्ण झालं का, हे वनमोटरिंगवर आणि त्या कंपनीच्या अधिकृत वितरकाकडे पाहता येतं. इन्फ्लेटर बदलणं मोफत असतं. उत्तर मिळेपर्यंत बयाणा देऊ नये.

समांतर आयातदारांनी जपानमधून आणलेल्या गाड्यांबाबत हा शोध थोडा अधिक चिकाटीने करावा लागतो. टोयोटासाठी बोर्निओ मोटर्स, होंडासाठी काह मोटर, निसानसाठी तान चोंग असे अधिकृत वितरक इथे वर्षानुवर्षं आहेत. अनेक सात-सीटर गाड्या मात्र त्यांच्याकडून न येता समांतर आयातदारांकडून आलेल्या असतात. गाडी वाईट असते असं नाही, पण सर्व्हिसच्या नोंदी विखुरलेल्या असतात. कधी जपानी भाषेतली स्क्रीन तशीच राहिलेली असते.

आणखी एक चौकशी आजकाल टाळता येत नाही. सात सीटच्या बऱ्याच गाड्या काही वर्षं भाड्याने, ॲपवरच्या प्रवाशांसाठी चाललेल्या असतात. सिंगापूरची खासगी गाडी वर्षाला साधारण १७-१८ हजार किलोमीटर धावते. भाड्याची गाडी त्याच्या कितीतरी पट. तिचा एसी दिवसाला बारा-बारा तास चाललेला असतो आणि सरकतं दार दिवसातून पन्नास वेळा उघडलेलं असतं. एलटीएच्या नोंदीत गाडी कोणत्या प्रकारात नोंदली होती आणि किती मालक झाले ते दिसतं. पाण्यात बुडालेली गाडी मात्र नोंदीत दिसेलच असं नाही. जून २०१० मध्ये ऑर्चर्ड रोडच्या भागात पाणी भरलं तेव्हा तळघरांतल्या पार्किंगमध्ये गाड्या अडकल्या होत्या. अचानक येणारा पूर या शहराला अनोळखी नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. गाळाची रेघ तिथे राहते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर एकसारखा गंज असेल तरी तेच.

बघायला जायचं कुठे? बुकित तिमाच्या जुन्या रेसकोर्सवरचं टर्फ सिटी हे सेकंडहँड गाड्यांचं मोठं ठिकाण होतं, ते २०२३ च्या अखेरीस बंद झालं. आता उबीचं ऑटोमोबाइल मेगामार्ट, क्रांजीचं कॅरोस सेंटर आणि शहरभर विखुरलेली दुकानं. विक्रेता ‘तपासून घ्या’ म्हणाला तर त्याने सुचवलेल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये न जाता व्हायकॉम किंवा एसटीएच्या केंद्रात पैसे भरून स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. पण ध्यानात ठेवायचं ते असं: सक्तीच्या तपासणीत ब्रेक, धूर, दिवे, चाकं पाहतात. मागचा एसी गार आहे का हे पाहणं त्यांचं काम नाही. ते तिसऱ्या रांगेत बसणाऱ्यालाच करावं लागतं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायलाही विसरू नये. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी धावलेल्या गाडीचे टायर खोल नक्षीचे, सुंदर दिसतात आणि आतून उन्हाने कडक झालेले असतात. इथल्या अचानक पावसात त्यांची पकड सुटते.

कायद्याचा आधार आहे, आणि तो चांगला आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून सिंगापूरचा ‘लेमन लॉ’ सेकंडहँड गाड्यांनाही लागू आहे. दुकानातून घेतलेल्या गाडीत सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो विक्रीच्या वेळीच होता असं धरलं जातं, आणि तसं नव्हतं हे दाखवणं विक्रेत्याच्या माथी येतं. दुरुस्ती, बदली, किंमत कमी करणं किंवा पैसे परत, यांतलं काहीतरी मागता येतं. वाद झाला तर ‘केस’ या ग्राहक संघटनेकडे जाता येतं. गाडीच्या वयाला साजेशी झीज त्यात येत नाही आणि विक्रीआधी सांगितलेला दोषही येत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हे संरक्षण धंदा म्हणून विकणाऱ्याकडून घेतलं तरच. मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या ओळखीच्या माणसाकडून परस्पर घेतलेली गाडी स्वस्त पडते, पण तिथे हा कायदा पाठीशी उभा नसतो. म्हणून ओळखीच्या व्यवहारातही तपासणीचा खर्च वाचवू नये, दोघांनाही पुढे एकमेकांचं तोंड बघायचं असतं.

कर्जाचंही एक वळण आहे. मूळ आयात किंमत २०,००० डॉलरपर्यंत असलेल्या गाडीला किमतीच्या ७० टक्के आणि त्याहून महाग गाडीला ६० टक्के कर्ज मिळतं, जास्तीत जास्त सात वर्षांसाठी. सीओई चार वर्षांचं उरलं असेल तर कर्जही तेवढ्यात फेडावं लागतं, त्यामुळे स्वस्त दिसणाऱ्या गाडीचा मासिक हप्ता अंगावर येतो. व्याजाचा दर ‘फ्लॅट’ सांगतात, म्हणजे शेवटच्या महिन्यापर्यंत मूळ रकमेवरच आकारलेला. खरा दर त्याच्या जवळपास दुप्पट पडतो. भारतात घटत्या मुद्दलावरच्या व्याजाची सवय असलेल्यांनी हे बँकेत मुद्दाम विचारून घ्यावं.

राहिला मुक्कामाचा प्रश्न, आणि तो सिंगापूरच्या मराठी कुटुंबांना इतरांपेक्षा जास्त लागू आहे. बरेच जण नोकरीच्या पासवर आहेत; तो किती वर्षं चालेल हे त्यांच्या हातात नसतं. अशा कुटुंबाने सीओईचं पाच वर्षांचं नूतनीकरण झालेली गाडी घेताना दोनदा विचार करावा. पार्फ बुडालेला, यंत्र जुनं, आणि अचानक देश सोडावा लागला तर घाईत गिऱ्हाईक मिळणं कठीण. त्यापेक्षा तीन-चार वर्षं पार्फ शिल्लक असलेली, अधिकृत वितरकाकडे सर्व्हिस झालेली सिएंटा किंवा होंडाची फ्रीड वर्षाला थोडी महाग पडली तरी बरी. मुदतीआधी नोंदणी रद्द केली तर उरलेल्या सीओईची रक्कम दिवसांच्या हिशेबाने परत मिळते आणि पार्फही हातात येतो. बाजार पडलेला असला तरी गाडीचं मोल या बेरजेखाली जात नाही. घरमालकाला नोटीस देताना, मुलांच्या शाळेचे दाखले काढताना त्याच आठवड्यात गाडीचा हा आकडा वनमोटरिंगवर काढून ठेवावा, आणि तीन-चार दुकानदारांकडून लेखी किंमत घ्यावी. जो दुकानदार या बेरजेहून कमी सांगेल त्याच्याकडे पुन्हा जायचं कारण उरत नाही.